मानेतला आऊट

अनसा नांदेडला गेली, लेकीच्या बाळंतपणाला,
तेव्हा दारातून तीनदा माघारी आली.
एकदा दूधवाल्याचं सांगायला,
एकदा गॅसचं बटण दाखवायला,
तिसऱ्यांदा चितरीचं.
माझं काही कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी चितरी पाणी प्यायला वाकली
आणि तशीच उलट्या पावली चालत गेली
थेट न्हाणीच्या भिंतीला टेकेपर्यंत.
मान पिळलेल्या फडक्यासारखी,
एक डोळा आभाळात, एक मातीत.
उभी केली की डावीकडं कलंडायची,
पंख आपटत स्वतःभोवतीच गरगरायची,
आणि मग दमून
पडल्या जागी माझ्याकडं बघायची,
जसं काही जमीन मीच तिरकी केली.

गयाबाई भिंतीवरून म्हणाली, मानमोडी हाय.
आज कापली तर रस्सा, उद्या मेली तर उकिरडा.
तिचं चूक नव्हतं. तिच्या सात गेल्या होत्या.

जनावरांच्या दवाखान्यातला धोंडगे
म्हशींचा माणूस, पण हसला नाही.
म्हणाला, दुसऱ्या कोंबड्यांपासून लांब ठेवा.
बी-कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात विरघळवा,
चोचीच्या कडेनं थेंब थेंब.
नरड्यात ओतू नका, ठसक्यानं जाईल.
आणि रजिस्टर मिटून म्हणाला,
जगली तर जगली.

चाळीस वर्षं झाली, वसमतच्या मोंढ्याजवळ
मी सायकलींचे आऊट काढतो.
चाक स्टँडला लावायचं, फिरवायचं, खडू धरायचा.
खडू घासला की त्या बाजूची तार ढिली,
पल्याडची आवळ.
पाव फेरा. जास्त नाही. घाई केली की रिम जाते.
आता कोंबडीला
कुठली तार?

तरी हात गप बसत नाहीत.
जुनी ट्यूब गुंडाळून चुंबळ केली,
वर अनसाच्या विटलेल्या लुगड्याचं धडपं,
आणि तिच्यावर चितरीला ठेवली,
भरल्या घागरीसारखी.
कलंडली नाही.
सिरिंजच्या तोंडाला वालट्यूबचा तुकडा लावला,
पाणी पाजलं.
ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या बोटावर,
उकडलेल्या अंड्याचा बलक.
अंडं तिचंच असेल, फळीवरच्या टोपल्यातलं.
बोललो नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की
तिचं डोकं तळहातावर सरळ धरून बसायचो.
मोंढ्यात हळदीची पोती उतरायची,
हमाल आकडे ओरडायचे,
मी त्यांच्या आकड्यांवरच मोजायचो :
बावीस, तेवीस, चोवीस...
सोडलं की मान हळूहळू परत तिकडंच.
तिच्या डोळ्यात बघायचं तर
मलाही मान वाकडी करावी लागायची.
रात्री डालग्याशेजारीच आडवा व्हायचो,
मांजराचा भरवसा नाही.

रोज फोन. लेकीचं सांगायच्या आधी विचारायची,
चितरी?
मी म्हणायचो, बसलीय.
आता चुंबळीवर का होईना,
बसलीच होती.

अकराव्या दिवशी पोरगी झाली, सहा पौंडांची.
फोन ठेवला आणि पेढे आणायचे सोडून
मी चितरीला अंगणात सोडली.
चार पावलं गेली. पडली.
मी उठलो, तोवर तीच उठली.
पाचवं, सहावं,
खेकड्यासारखी तिरकी,
पण पुढं.

सगळा आऊट निघत नसतो.
थोडा राहतोच.
ब्रेकला घासत नसलं तर
ते चाक मी गिऱ्हाइकाला देऊन टाकतो,
म्हणतो, चालव बिनघोर.

अनसा सव्वा महिन्यानं आली.
हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत
चितरी तिरकी तिरकी धावत
तिच्या पायाशी.
हिची मान अशी कशानं?

तुझ्या वाटेकडं बघू बघू, मी म्हणालो.

तिनं कोंबडी काखेत घेतली,
मला खालून वर न्याहाळलं.

आन् तुमची?